पंप मी निवडला होता

आमच्या रहाटणीतल्या सोसायटीत, ज्येष्ठांच्या खोलीतल्या टाकीतले अकरा मासे मी मारले. दुकानदाराने नाही. दोन वर्षं हे गिळून बसलो होतो.

चाकणच्या कंपनीत मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंट पंपांची देखभाल करण्यात माझी अख्खी नोकरी सरली. तिथे प्रेशर हाच देव. प्रेशर पडलं की मशीन बंद आणि साहेब डोक्यावर. टाकीसाठी पंप आणायला दापोडीच्या दुकानात गेलो तो तीच मस्ती घेऊन. दुकानदार मुसलमान, माझ्या मुलाच्या वयाचा. आमच्या सोसायटीतल्या सात-आठ घरांतल्या माशांच्या टाक्या तोच साफ करायचा.

“काका, हा न्या. जोर कमी, पण पाणी भरपूर फिरवतो. तुम्हाला पाणी वर कुठे चढवायचंय?”

“मला पंप शिकवतोस? तो प्रेशरवाला दे.”

“तो तापतो, काका. मासे पाळायचेत की धुवायचेत?”

शेजारचं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. तिथंच माझं डोकं फिरलं. प्रेशरवालाच उचलला.

एप्रिलचे दिवस. एका कोपऱ्यात धार सुसाट, बाकी पाणी जागचं हलेना. पंप तापला तसं पाणीही कोमट झालं. चौथ्या दिवशी मासे उलटे तरंगत होते. सगळे जमले. “पंप दिला कुणी?”

“दुकानदाराने,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त हलकट होतं.

एकजण म्हणाला, “त्या लोकांकडून घ्यायचंच कशाला?” आणि मी मान डोलावली. थू माझ्या तोंडावर! दुसऱ्या दिवसापासून वॉचमन त्याला गेटवरूनच परत पाठवायला लागला.

गेल्या महिन्यात दुकानात जाऊन माफी मागितली. जाळी धुता धुता त्याने वरही पाहिलं नाही. “मला कशाला सांगता, काका? तुमच्या गेटवर सांगा.”

मी सगळं कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावलं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीने काढलं. “जाऊ द्या हो काका, जुनं झालं. मासेच तर होते.”

मासे? माणसाचं काम तोडलंत, त्याला चोरासारखं दारातून हाकललंत, आणि मासे?

आज दुसरा कागद लावलाय, खाली सही ठोकून. बोर्डाखाली खुर्ची टाकून बसलोय. आता काढ म्हणावं.