जंतू मानणारं घर

माझ्या सासरी मुलुंडला विटाळ मानत नसत. लग्न ठरल्यावर आईने हे सगळ्या शेजारणींना कौतुकाने सांगितलं होतं. चार दिवस बाजूला बसायचं नाही, स्वयंपाकघरात खुशाल वावरायचं. साठ-पासष्टच्या सुमाराला ही काही लहान गोष्ट नव्हती. आईला बिचारीला एवढंच ठाऊक नव्हतं, की त्या घरात विटाळ मानत नसले तरी जंतू मानत. आणि ते मानणं, बाप रे, कुठल्याही सोवळ्याच्या वरताण होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. उपनगरातल्या विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कॉलऱ्यात त्यांनी लहान मुलं डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती, त्यामुळे त्यांना हसावंसं मला कधी वाटलं नाही. पण त्या जांभळ्या खड्यांचा डबा घरीही असे, आणि त्याचं लाल पाणी सगळ्याला लागे. पालेभाजीला, द्राक्षांना, पायपुसण्याला. सासूबाईंची नखं त्याने कायमची तपकिरी झाली होती. न्हाणीघरात खुंटीला एक एनॅमलचं भांडं टांगलेलं असे, खाली रबरी नळी. ते बायकांसाठी. पाळी संपली की त्या पाण्याने आतून धुवायचं, आणि एरवीही रोज सकाळी. सासूबाई स्वतःही लग्न झाल्यापासून ते घेत आल्या होत्या; आता माझ्यासाठीही पाणी कालवून ठेवत आणि "घे गं, गार होईल" म्हणत हाक मारत, चहाला बोलवावं तशी. मीही घेत होते. सुशिक्षित घरातली रीत, मी कोण नाही म्हणणार?

मला मूल हवं होतं. नुसतं हवं होतं असं नाही, मी त्यासाठी झुरत होते. दिवस राहायचे आणि टिकायचे नाहीत. अंगावर पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, ताप यायचा. मी आडवी पडून रडायचे. आणि दर वेळी सासूबाई त्या पाण्यात आणखी एक खडा टाकायच्या. पाणी जास्त लाल व्हायचं. त्यांना वाटायचं, कुठेतरी जंतू राहून गेलाय.

शेवटी नवऱ्याने मला घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. त्यांनी आतला स्राव घेतला, काचेवर पसरला आणि आतल्या खोलीत गेल्या. मी बाहेर जीव मुठीत धरून बसलेली. थोड्या वेळाने पडद्याआडून हाक आली, "ये गं इकडे. रोज काय घालतेस आत?"

मी सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. आमच्याकडे स्वच्छता किती, हे कुणाला तरी कळावं असं वाटत होतं.

"कमाल आहे तुमची!" बाई म्हणाल्या. "बघ इथे." त्यांनी मला दुर्बिणीपुढे बसवलं. सूक्ष्मदर्शक म्हणायचं हे मला कॉलेजातून ठाऊक होतं, पण त्या दुर्बीणच म्हणत. आधी माझी काच. पेशी दिसत होत्या, आणि भोवती बारीक ठिपक्यांचा नुसता चिखल. मग त्यांनी दुसरी काच ठेवली, सकाळी येऊन गेलेल्या कुणा गरोदर बाईची. आणि मला दिसल्या त्या काड्या. सरळ, सडपातळ, कितीतरी. पेशींच्या अंगाखांद्यावर, मधल्या मोकळ्या जागेत, सगळीकडे.

"हे पण जंतूच," बाई म्हणाल्या. "दही लावतात ना, त्यांच्या भाऊबंदांपैकी. बाईच्या अंगातली साखर खातात आणि जागा आंबट ठेवतात. त्या आंबटपणात भलतासलता जंतू टिकत नाही. हे गेले की दार सताड उघडं. मग घाण वर चढते, पार गर्भाशयापर्यंत. तू रोज राखणदारांना मारत होतीस गं बाई."

राग नंतर आला, रडूही नंतर आलं. त्या क्षणी मला फक्त नवल वाटत होतं. मुलीला पाळी येते, ती वयात येते, तसे हे न बोलावता येऊन राहतात. नाव नाही, गाव नाही, पगार नाही. आणि त्यांच्या भरवशावर माणसांची पिढी पुढे सरकते! देवापुढे हात जोडताना मला कधी वाटलं नव्हतं ते त्या काचेपुढे वाटलं. मी डोळा काढेचना. शेवटी बाईंनीच खांद्याला धरून उठवलं. त्यांनी औषध लिहून दिलं, पाणी बंद करायला सांगितलं आणि स्वच्छ बजावलं, "मूल होईलच असं मी म्हणत नाही. सूज उतरू दे, आत वस्ती परत होऊ दे. मग बघू."

घरी मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जंतू तो जंतू. राखणदार कसला?" पुढे त्यांनी विषय काढला नाही. सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेले तर खुंटी रिकामी.

वर्ष उलटून गेलं. पोट दुखायचं थांबलं. मग दिवस राहिले, आणि या वेळी पोट वाढतच गेलं. सासूबाई मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत.

मुलगी झाली ती भर दुपारी, त्याच डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात. नर्सने बाळ फडक्यात गुंडाळलं, अजून चिकट, पांढुरकं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आंघोळ घालून देते हां आजी," नर्स म्हणाली.

डॉक्टरीणबाई हात धुता धुता हसल्या. "घाई नको. पोरगी येता येता आईचे राखणदार अंगावर घेऊनच आलीय. राहू देत थोडा वेळ."

सासूबाई पुढे झाल्या. आयुष्यभर बाहेरून आलेलं नाणंसुद्धा धुऊन घेणारी ती बाई. त्यांनी बाळ तसंच, न धुतलेलं, घेतलं आणि गालाला लावलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर मला मुलगी हवी होती गं. किती वर्षं वाट बघितली. डॉक्टरकडे कशाला जायचं? घरातच इन्स्पेक्टर होता ना."