आत्याजवळच्या चाव्या

भर मांडवात अशुभ बोलण्याच्या बाबतीत आख्ख्या बुऱ्हाणपुरात आमच्या आत्याचा हात धरणारं कोणी झालं नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. इतर माणसं लग्नाला जातात, आहेर देतात, जेवतात, पुऱ्यांना तेल फार सुटलं होतं म्हणतात आणि घरी येतात. आत्या लग्नाला जायची, गर्दीतून नेमका एक माणूस हेरायची, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि बँड वाजत असताना, चहा झाला का विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारायची, "मरून जावंसं वाटतं का हो तुम्हाला?" एकदा तिने नवरदेवाच्या मामालाच गाठलं. मामा तासभर कोपऱ्यात गाल धरून, कोणाशी न बोलता बसले होते. "वाटतं ना सिस्टर," मामा कळवळून म्हणाले, "कालपासून दाढ ठनकू राहिली. कोनी लवंग बी देऊ नाही राहिलं." आत्याने पर्समधून लवंग काढून दिली. पण तोवर वरमाईच्या कानावर तो प्रश्न गेला होता, आणि पुढे जो गहजब झाला त्यात अर्धी वरात जेवायची राहिली. तेव्हापासून आमच्या घरी आमंत्रण द्यायला येणारी माणसं अक्षता ठेवून झाल्या की उंबऱ्यात घुटमळत आणि माझ्या आईला हळूच सांगत, "सगळे या बरं का. फक्त आत्याबाईंचं तेवढं पाहा."

आत्या नर्स होती. लग्न तिने केलं नाही. शनवारा भागात आमच्याच घरी, वरच्या खोलीत तिचा संसार होता, म्हणजे एक पलंग, एक शेगडी आणि पांढऱ्या साड्यांची एक ट्रंक. सरकारी दवाखान्यात कित्येक वर्षं सुया टोचल्यावर ती इंदूरला जाऊन मनाच्या आजारांची शुश्रूषा शिकून आली, आणि परत आली ती बिघडूनच, असं माझे वडील म्हणायचे. तिला व्हरांड्याच्या टोकाची एक खोली मिळाली. गाव त्या खोलीला 'पागलवाली खोली' म्हणायचं आणि तिथे येणारी माणसं तोंडावर रुमाल धरून यायची. आत्याने तिथली टेबलामागची उंच खुर्ची पहिल्याच दिवशी बाहेर काढली आणि दोन सारख्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या. तिच्या शास्त्रातला पहिला नियम बसण्याचा होता. "उभ्याने विचारलं की माणूस उभ्याउभ्याच टाळतो," असं ती शिकायला आलेल्या पोरींना सांगायची. हा नियम ती घरीदारी सगळीकडे पाळायची. भाजीबाजारात कोथिंबीरवाली उदास दिसली की ही बाई पांढऱ्या साडीनिशी तिच्या गोणपाटावर फतकल मारायची, आणि मग पुढचा अर्धा तास येणारी गिऱ्हाइकं हिलाच मेथीचा भाव विचारत. आत्या भाव सांगायचीही. तो बहुतेक वेळा चुकीचा असायचा.

दुसरा नियम गप्प बसण्याचा. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. फोनवर तर तिने कोणाला "बरं आहे ना?" विचारलं की मागे एवढी शांतता पसरायची की पलीकडचा "हॅलो, हॅलो, आवाज कट होऊ राहिला" असं ओरडून फोन ठेवून द्यायचा. समोर बसलेला माणूस मात्र ती शांतता फार वेळ सोसू शकत नसे. मी दहावीत असताना तिने मला "शाळा कशी चाललीय?" विचारलं आणि गप्प बसली. दोन मिनिटांत मी गणिताचा पेपर, चोरून पाहिलेला सिनेमा आणि वडिलांच्या सायकलचं वाकलेलं चाक हे सगळं कबूल करून मोकळा झालो. आणि तिच्यासमोर कोणी कोणाला "टेन्शन नको घेऊ" म्हणालं की ती चिडायची. "त्याने काय दुकानातून आणलंय का टेन्शन, परत करायला?" माझी आई तिला नेहमी समजवायची, की बाई गं, असं सरळ मरणाचं विचारलंस तर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्याही येईल. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. "वहिनी, तुम्ही मला रोज विचारता, भूक लागली का. त्याने मला भूक लागते का? लागलेली असली तर मी सांगते, एवढंच."

पण आत्याचं खरं वेड म्हणजे चाव्या. तिच्या कमरेला दहा-बारा चाव्यांचा जुडगा असायचा आणि त्यातली एकही चावी तिच्या स्वतःच्या मालकीची नव्हती. आमच्याकडे केळीच्या आणि कपाशीच्या गावांत फवारणीचं औषध घरोघरी असतं, कुठेतरी पलंगाखाली नाहीतर कोनाड्यात. ज्या घरातल्या माणसाचं मन आजारी आहे असं आत्याला कळायचं, त्या घरी ती जायची, ते औषध पेटीत भरायला लावायची, पेटीला कुलूप घालायची आणि चावी घेऊन शनवाऱ्यात परत यायची. दवाखान्याच्या कोणत्या नियमात हे बसत होतं मला माहीत नाही. ती म्हणायची, मनाची फार वाईट वेळ बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते; तेवढ्यात हाताशी काही नसलं आणि जवळ माणूस असलं की बरेच जण निभावतात. चाव्यांना तिने नावं लिहिली नाहीत, कारण नाव लिहिलं की लोक वाचतात. प्रत्येकीला पावरलूमच्या कापडाची एकेक रंगाची चिंधी बांधलेली असायची आणि कोणता रंग कोणाचा हे फक्त तिला आणि त्या घराला ठाऊक असायचं.

मग व्हायचं असं, की फवारणीचे दिवस आले की आमच्या दारात मोटारसायकली लागायच्या. दापोऱ्याचे एक केळीवाले नाना होते. हिरवी चिंधी त्यांची. बाग उत्तम, मुलगा गुणी, घरात कशाची ददात नाही, आणि तरी मधूनच महिना-महिना हा माणूस अंथरुणातून उठत नसे. लोक कारण शोधायचे. आत्या म्हणायची, मलेरियाच्या माणसाला विचारता का, तुला थंडी वाजायचं कारण काय? नाना यायचे ते घाईतच. "आत्याबाई, चाबी द्या. मजूर येऊन बसले, पंप भरायचा हाये." आत्या शांतपणे शेगडीवर आधण ठेवायची. आधी चहा, मग प्रश्न, मग गप्प बसणं, आणि शेवटी चावी, हा क्रम कलेक्टर आला तरी बदलणार नव्हता. नाना कप रिकामा करून म्हणायचे, "नाही वाटत आत्याबाई. खरंच नाही. पोराची शपथ." कधी मात्र ते कपाकडे पाहत बसायचे, आणि त्या दिवशी त्यांना चावी मिळायची नाही, फवारणी मुलगा करायचा आणि नाना आत्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात जायचे. मी वर्गात पोरांना आत्याच्या नकला करून दाखवायचो. मी शाळेत शिकवतो. नकला ही आमच्या धंद्यातली वाईट सवय.

मला आणखी एक आत्या होती. आम्ही तिला धाकटी म्हणायचो. तिला डोईफोडियाला दिली होती, तिकडे जंगलाच्या कडेला. माझ्या लग्नानंतर आठ दिवसांनी धाकटीने जीव दिला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, कारण आमच्या घरात ते कोणी उच्चारत नाही. आम्ही 'धाकटीचं झालं तेव्हा' असं म्हणतो आणि विषय बदलतो. आत्याचं मांडवात प्रश्न विचारणं आणि चाव्या गोळा करणं हे दोन्ही त्यानंतरचं. त्याआधी ती दवाखान्यातल्या गोष्टी घरी बोलून फार तर आम्हाला पिडायची. बहिणीच्या दुःखाने बाई जरा हलली, असं आम्ही समजून घेतलं आणि हसत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात आत्या अंथरुणाला खिळली. छातीचं दुखणं होतं, आता फार दिवस नाहीत हे तिला आमच्याआधी कळलं होतं. एका दुपारी तिने जुडगा माझ्या हातात दिला आणि चहापासूनचा सगळा क्रम माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला. कोणी 'हो' म्हणालं तर काय करायचं तेही सांगितलं. चावी द्यायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्याला बोलवायचं आणि दवाखान्यातल्या नव्या सिस्टरकडे न्यायचं. मी सहज, थट्टेच्या सुरात विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं, पण लग्नाच्या मांडवातच का विचारायचीस? इतर दिवस काय कमी होते?"

"एकदा लग्नघरातच विचारायचं राहून गेलं," ती म्हणाली.

"कोणाला?"

ती गप्प बसली. तिचा तो जुना नियमच होता. पण मी काही कबूल करायच्या आधी मला आठवायचं होतं, आणि मला आठवलं. माझी हळद. मी पाटावर बसलो होतो. धाकटी आली होती आणि त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी हसत होती. तिने आपल्या नाकातली नथ काढून माझ्या होणाऱ्या बायकोसाठी म्हणून माझ्या आईच्या हातात ठेवली, दोन चांगल्या साड्या जावांच्या मुलींना वाटल्या, आणि सगळे म्हणाले, काय जीव लावते पोरगी. महिनोन्महिने कोमेजलेलं माणूस एकाएकी हलकं होऊन आवडीच्या वस्तू वाटायला लागलं की काय समजायचं, हे त्या घरात एकट्या आत्याला माहीत होतं. ती जागेवरून उठली, धाकटीकडे निघाली. आणि मी, अंगभर हळद, ओरडलो, "आत्या, आज तुझा दवाखाना बंद हां! आज फक्त शुभ बोलायचं!" सगळा मांडव हसला. आत्याही हसली आणि खाली बसली.

इतकी वर्षं तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी तिच्या नकला करत होतो, मांडवात तिला दटावत होतो, "आज तरी शुभ बोल" हे तेच शब्द तिला पुनःपुन्हा ऐकवत होतो, आणि ती ऐकून घेत होती. मला रडू आवरलं नाही. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू नाही रे. शुभ बोल असं तू म्हणालास, पण गप्प बसले मी. शिकलेली मी होते." नंतर आठवडाभराने ती गेली.

आणि या उन्हाळ्यात नाना आले. या खेपेला घाईत नव्हते. मुलाच्या लग्नाची पत्रिका आणली होती, तिच्यावर कुंकू आणि अक्षता. नवा सदरा, दाढी गुळगुळीत, आणि खूप बोलत होते. बागेचं सगळं मुलाला समजावून दिलं, हिशेबाच्या वह्या लावून दिल्या, हातातलं घड्याळ कालच त्याला देऊन टाकलं. त्यांच्या मनगटावर घड्याळाची पांढरी खूण होती. आता लग्नाच्या मुलाला बाप घड्याळ देतो, यात काय आहे? धाकटीच्या नथेतही काही नव्हतं. "जाता जाता चाबी बी द्या मास्तर," नाना म्हणाले, "मांडवाच्या आधी एक फवारनी उरकून टाकतो." मी हिरवी चिंधी शोधली. पत्रिका मांडीवर, अक्षता हातात, अशा माणसाला कसं विचारायचं? बायकोने चहा आणून ठेवला होता. मी खुर्ची ओढली, त्यांच्या समोर बसलो आणि विचारलं. आवाज आत्यासारखा साधा काही निघाला नाही, चांगलाच कापला. मग मी गप्प बसलो. असं गप्प बसायला किती ताकद लागते हे मला तेव्हा कळलं.

नाना पत्रिकेवरच्या अक्षता बोटाने एका बाजूला करत राहिले. चहावर साय धरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आत्याबाई गेल्यापासून मले कोनी विचारलंच नाही." मी तरीही बोललो नाही. "चाबी राहू द्या मास्तर," ते म्हणाले, "आज तुमच्यापाशीच राहू द्या." मग मी त्यांच्या मुलाला फोन केला, तो येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो, आणि तिघं मिळून दवाखान्यात गेलो. नव्या सिस्टरने खुर्च्या हलवल्या नव्हत्या.

नानांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि पंधरा दिवसांनी दापोऱ्याला लग्नही झालं. नाना मांडवात होते. थोडे सुकलेले, फेटा एका बाजूला कललेला, पण होते. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. शेजारच्या बायका माझ्याकडे पाहून आपसांत काहीतरी पुटपुटल्या. आत्या असती तर माझा आंबलेला चेहरा पाहून तिने पर्समधून लवंग काढून आधी माझ्या तोंडात घातली असती. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि फेटा सरळ केला. "विचारा मास्तर," ते म्हणाले. बँड फार जोरात वाजत होता, म्हणून मला दोनदा विचारावं लागलं.