पावण्यांचं पाणी

आज सकाळी नळाला बांधलेलं फडकं धुवायला सोडलं, तर त्याच्या ओल्या घडीत अर्ध्या मोहरीएवढा एक काळा ठिपका दिसला. फडक्याला वास येत होता, थोडा लोखंडाचा, थोडा शेवाळाचा आणि कुठेतरी तळाशी ओढ्यातल्या दगडाचा. शहाण्या माणसानं असलं फडकं पिळून दोरीवर टाकावं आणि चहाकडे वळावं. मी मात्र आधी चष्मा शोधला, मग भिंग शोधलं आणि दूध उतू जाईपर्यंत त्या ठिपक्यावर वाकून राहिले. गंजाचा कण होता तो. आमच्या कोल्हापुरात नळातून अधूनमधून असले दागिने येतात. तरीही तो मोरीत सोडवेना. बशीत ठेवला, आणि मग दिवसभर काही सुचेना, कारण त्या बशीबरोबर माझी एक जुनी मैत्रीण आठवणीतून ओट्यावर येऊन बसली होती.

विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत असताना वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती नदीकाठच्या एका जैन शेतकरी घरातली. त्यांच्याकडे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण ती झाली अर्धी रीत. उरलेली अर्धी मी तिच्या घरी राहायला गेले तेव्हा पाहिली. पाणी गाळून झाल्यावर तिची आई ते फडकं उलटं धरायची, गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुवायची, आणि ते धुवण, त्यातल्या दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या जिवांसकट, बादलीनं थेट विहिरीच्या पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची. वरून ओतायचं नाही, जिवांना मार बसतो. दुसऱ्या विहिरीत तर मुळीच नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत. त्या धुवणाला ते जिवाणी म्हणतात. फडक्यावर नेमकं राहतं तरी काय, हे बघायची हौस म्हणून माझ्या मैत्रिणीनं प्राणिशास्त्र घेतलं होतं. आईनं अडवलं नाही. "बघ की खुशाल, पर मारायचं न्हाय," एवढंच बजावलं, आणि हिनं तसा शब्द दिला. मी गारगोटीची, रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून खोलीवर येणारी. प्राणिशास्त्र शिकायचं आणि मारायचं नाही म्हणजे रंकाळ्यात उतरून कोरडं राहायचं, असं मी तिला चिडवत असे. ती उठून खिडकी तेवढी उघडायची.

शेवटच्या वर्षी प्रबंधिकेसाठी तिनं विषय घेतला तो ओढ्यातल्या भुंगेऱ्यांचा. राधानगरीच्या पुढे रानात एक ओढा आहे, पावसाळा संपला की तो शहाण्यासारखा वागू लागतो. त्याच्या खळाळत्या भागात, जिथे पाणी दगडावर आपटून पांढरं होतं, तिथला दगड उलटा केला तर हे भुंगेरे भेटतात. तांदळाच्या कणीएवढा जीव, पण पाय अंगाच्या मानानं लांब आणि पायांना भक्कम नख्या. पाण्यातला किडा असून त्याला पोहता येत नाही. तो चालतो. वरून अख्खा ओढा कोसळत असतो आणि हा दगडाला नख्या रोवून, शेवाळाचा पापुद्रा खात, बाजारातून रमतगमत निघालेल्या म्हाताऱ्यासारखा चाललेला. त्याची अळीही पाण्यातलीच, फक्त कोष करायला ती काठाच्या ओल्या मातीत येते. त्यातून भुंगेरा बाहेर पडला की पाण्यात उतरतो आणि सहसा पुन्हा वर येत नाही, श्वासालासुद्धा नाही. अंगावरच्या दाट, बारीक लवेत हवेचा पातळ थर धरून असतो आणि वाहत्या पाण्यातला प्राणवायू त्या थरात आपणहून झिरपत राहतो. भिंगाखाली त्याचं पोट चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकतं. पाणी थांबलं तर तो गुदमरतो, आणि साबणाच्या पाण्यात लव भिजली की बुडून मरतो. जन्म पाण्यात काढून पाण्यातच बुडणारा हा प्राणी मला तेव्हा भलताच आवडला होता.

त्या ओढ्यात तिला एक भुंगेरा असा मिळाला की तो कुठल्याच वर्णनात बसेना. खांद्यांवर दोन पिवळट डाग, पाठीच्या कवचावरच्या बारीक रेघा निराळ्या. आमचे सर रात्रंदिवस किड्यांत रमलेले, पण त्या दिवशी तेही खुर्चीतून उठले. नवी जात असावी, म्हणाले. पण या भुंगेऱ्यांत कूळ ओळखावं मिशांवरून आणि पायांवरून, गट ओळखावा नख्यांवरून आणि रेघांवरून, आणि जात पक्की करायची तर नर उघडून त्याचं जननेंद्रिय पाहावं लागतं. बाहेरून सख्खे दिसणारे भुंगेरे आतून परके निघतात. हा बहुधा नर आहे, एवढं सरांनी बाहेरून सांगितलं. "बाई, नाव द्यायचं असेल तर हा मारावा लागेल," ते म्हणाले. नवी जात म्हणजे तिला पुढचं संशोधन, घरात लग्नाची बोलणी लांबणीवर आणि त्या भुंगेऱ्यापुढे तिनं दिलेलं नाव कायमचं. हे सगळं त्या कणीएवढ्या जिवात अडकलं होतं. ती रात्रभर जागी होती, मला कूस बदलताना ऐकू येत होतं. सकाळी म्हणाली, "मारायचा न्हाय. मरंल की आपला आपण. किडाच हाय, किती दिस जगंल?"

इथेच आमचं सगळ्यांचं चुकलं. काचेची एक पेटी आली, ओढ्यातले दगड आले, हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप आला आणि पावणं मुक्कामाला राहिले. मी तिला विचारलं, कोंडून ठेवणं ही हिंसा नव्हे काय? "मरंस्तवर सांभाळती की," ती म्हणाली. परीक्षा जवळ आली, पावणं ठणठणीत. प्रबंधिका 'जात अनिश्चित' असं लिहून द्यावी लागली, आणि सरांनी ती कसलीही कटकट न करता स्वीकारली, उलट भुंगेऱ्याच्या चालण्याबद्दल तिनं जे लिहिलं तसं मेलेल्या किड्यावरून कुणाला लिहिता येणार नाही, असं म्हणाले. पण संशोधनाचा रस्ता बंद झाला. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, इचलकरंजीला, यंत्रमाग असलेल्या घरात. हे भुंगेरे सांभाळले तर वर्षानुवर्षं जगतात, हे आम्हाला फार उशिरा समजलं. रुखवतात काचेची पेटी घेऊन सासरी गेलेली दुसरी नवरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या शेडमध्ये माग चालू होते आणि ओट्यावरची भांडी थरथरत होती. ती सासूला त्यांच्याकडच्या चालीनं आत्ती म्हणते. आत्ती मोठ्या आवाजाच्या, सरळ तोंडावर बोलणाऱ्या. सुनेनं बरोबर आणलेला हा किडा मारायचा नाही म्हणून आणलाय, एवढं कळल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पेटीच्या आसपास साबण न्यायला घरात सगळ्यांना बंदी होती. मी चहा घेत असतानाच वीज गेली. माग एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत आत्ती पदर खोचून पळत आल्या, "अगं, पावण्यांचं पाणी थांबलंय की!" म्हणाल्या आणि चमच्यानं पेटीतलं पाणी घुसळू लागल्या. वीज येईपर्यंत सासू-सुना आळीपाळीनं घुसळत होत्या. धंदा बंद पडल्याची काळजी त्यानंतर.

असे कितीतरी पावसाळे गेले. तिला मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, मी महाविद्यालयात शिकवू लागले, सर निवृत्त झाले. मग एका दुपारी तिचा फोन आला, "गेला गं." दुसऱ्याच दिवशी ती छोट्या बाटलीत त्याला घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आली. तिला तो उघडवेना म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मीच त्याला उघडलं. आता नाव मिळणार होतं, इतक्या वर्षांनी का होईना. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिला जागा दिली. तिनं डोळा लावला.

मादी होती. मादीवरून जात ठरत नाही.

मला रडू आलं. ती मात्र हसत सुटली, इतकी की डोळ्यांना पाणी आलं. "आत्ती इतकी वर्सं पावणं पावणं करत्यात," ती म्हणाली, "ही तर माहेरवाशीण हुती की!"

माहेरवाशिणीला पोचवायला हवं, म्हणून रविवारी आम्ही दोघी त्या ओढ्यावर गेलो. आत्तींनी पुडीत चिमूटभर हळद लावलेले तांदूळ दिले होते, रिकामी कशी पाठवायची म्हणून. मेलेली सोडून कसलं पुण्य, असं मी वाटेत विचारलं. "पुण्याचं न्हाय गं, तिचं घरचं पाणी हाय," ती म्हणाली. खळाळात वाकून तिनं एक दगड उलटा केला, आणि त्याच्या पोटाशी तेच, खांद्यांवर पिवळट डागांचे, चारदोन जिवंत भुंगेरे चालत होते. त्यात एखादा नर नक्की असणार. माझ्या पिशवीत चिमटा होता, बाटली होती, आणि मी कुणाला शब्द दिलेला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची चेन लावली. तिनं बाटलीतली माहेरवाशीण त्यांच्यात सोडली, तांदूळ सोडले आणि दगड होता तसा, त्याच अंगावर, पुन्हा बसवला.

माझ्या कपाटात नाव-गाव लिहिलेले कितीतरी भुंगेरे बाटल्यांत आहेत. त्यातला एकही कधी आठवणीत येऊन बसत नाही. हिला अजून नाव नाही. पुढेमागे कुणीतरी देईल, आणि ते चांगलंच होईल.

संध्याकाळी न राहवून मी इचलकरंजीला फोन लावला. गंजाच्या कणाची हकिकत सांगितली, ती खळखळून हसली. तिच्यामागे मागांची खडखड चालू होती. बोलता बोलता ती खडखड एकाएकी थांबली, वीज गेली असणार. त्या शांततेत आतून आत्तींचा आवाज आला, थकलेला पण तसाच मोठा, "अगं, चमचा कुठं ठेवलाईस?" मग पेटी रिकामी असल्याचं त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. आम्ही दोघीही फोन कानाला लावून तशाच राहिलो.