आजोबांच्या पँटीची मागची शिवण

निनाद, ईरा — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, सांगलीच्या माझ्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आजोबांना तर नाहीच. मग आजच का? रविवारच्या फोनमुळे. निनाद, तिकडच्या डॉक्टरने तुझ्या कमरेला टेप लावली, रक्त तपासायला सांगितलं, आणि घरात साखर कुणाला, ती कशी सुरू झाली, असं विचारलं. तू ते आजोबांना विचारलंस. आजोबा सोप्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "आरं, मला अचानक आली. कंबर म्हनशील तर रिटायर झालो तवाची पँट अजून बसतीया. कापडं बसत्यात तवर भ्यायचं न्हाई गड्या!"

"मग राहू दे तपासणी," म्हणून तू हसलास. मी शेजारी गवार मोडत बसले होते. खरं मला माहीत होतं, तरी मी गवारच मोडत राहिले.

ती पँट तुम्ही पाहिली आहे. राखाडी, कडक इस्त्रीची. दर पंधरा ऑगस्टला उंब्रजच्या शाळेत झेंडावंदनाला आजोबा तीच घालतात. सैन्यातून परत आल्यावर त्यांनी ती शिवून घेतली आणि जाहीर केलं, की ज्या वर्षी ही बसणार नाही त्या वर्षापासून घरात गोड बंद. बोलले की करणारा माणूस. स्वतःवर पहारा ठेवायला त्यांनी पँट नेमली होती, आणि पहारा चोख होता.

पहिल्यांदा ती घट्ट झाली तेव्हा श्वास रोखून त्यांनी हूक लावला. राष्ट्रगीत संपेपर्यंत चेहरा लालबुंद. त्यानंतर एका दुपारी ते झोपले असताना मी पँट उलटी करून पाहिली. शिंप्याने मागच्या शिवणीत भरपूर जादा कापड दाबून ठेवलेलं. माझी शिवण तुम्हाला माहीत आहे — सरळ, बारीक. उसवली, बोटभर सरकवली, त्याच रंगाच्या दोऱ्याने पुन्हा घातली. पुढच्या ऑगस्टला हूक अलगद लागला. आजोबांनी गल्ली गोळा केली. "बघा! हाय का न्हाई तीच कंबर?"

मग दर वर्षी थोडी थोडी. आतलं कापड संपलं तेव्हा पट्ट्याखाली दिसणार नाही अशी एक पट्टी जोडली.

का केलं? त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ऐकायला छान वाटतं ना? पण खरं सांगू? मला श्रीखंड हवं होतं. बासुंदी हवी होती. त्यांनी एकदा तळलेलं सोडलं तेव्हा घरात कढईच चढेना. जो हुकूम त्यांना, तोच मला. गोड बंद म्हणजे माझंही बंद! इंग्रजी शाळेत शिकलेली, मुलांना खरं बोलायला शिकवणारी तुमची आजी श्रीखंडासाठी शिवण उसवत होती. हसा खुशाल. मीही हसते.

पण एवढंच असतं, तर इतके कागद कशाला काढले असते?

साताऱ्याला माजी सैनिकांसाठी तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या पोटाला टेप लावली आणि बाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, हातपाय बारीक आहेत, वजनही फार नाही, पण चरबी सगळी पोटावर आहे. काट्याला उशिरा कळतं ते टेपला आधी कळतं. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांची गडबड अशीच सुरू होते. आत्ताच धरली तर आवरता येते, आजच रक्त देऊन जा.

आजोबा म्हणाले, "बाई, तुमची टेप धुऊन आटलीया!" सगळा मांडव हसला. मग ते माझ्याकडे वळले. "काय मास्तरीणबाई, सांग की ह्यास्नी. पँट तीच हाय का न्हाई?"

त्यांची कंबर किती वाढली हे त्या मांडवात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पोटावरच्या चरबीबद्दलचे लेख मी चहाबरोबर इंग्रजीत वाचत होते. सगळं समजत होतं मला. एक वाक्य पुरलं असतं — मी ती सैल केली आहे.

मी म्हणाले, "हो. पँट तीच आहे."

शब्द खरा होता. आजोबा रक्त न देता उठले. येताना आम्ही कंदी पेढे घेतले.

पुढे सांगलीत बहिणीकडे गेलो असताना त्यांच्या पायातली चप्पल निसटली. त्यांना कळलंच नाही. तसेच चालत राहिले, पायाला काच लागली, तीही कळली नाही. दवाखान्यात सांगितलं, साखर जुनी आहे, पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. आजोबा सगळ्यांना सांगत राहिले, अचानक आली. मी होकार देत राहिले.

आता ते औषध घेतात, सकाळी हायवेच्या बाजूने चालून येतात, तब्येत खुशीत आहे. पण पायाच्या बोटांत जाणीव परत आलेली नाही. डेअरीवरची शेवंता मागून ओरडते, "आवं सुबेदार, चप्पल मागं ऱ्हायली!" आणि ते म्हणतात, "ऱ्हाऊ दे, पेन्शनीत निघाली ती!" सगळे हसतात. मी जाऊन चप्पल उचलते.

निनाद, तू तर हल्ली इलॅस्टिकच्या पँटी घालतोस. त्या कुणालाच काही सांगत नाहीत. तुझ्या शरीरात काय चाललं आहे ते तुझं रक्त सांगेल. आजोबांची पँट सांगणार नाही, कारण तिला मी खोटं बोलायला लावलं.

हे कागद आधी आजोबांच्या चष्म्याखाली ठेवणार आहे. त्यांचं वाचून झालं की फोटो काढून तुम्हाला पाठवीन. उद्या झेंडावंदन आहे. आज दुपारी मी जोडलेली पट्टी काढली आणि मागची शिवण शिंप्याने घातली होती तिथे परत आणली. पँट इस्त्री करून खुंटीला लावली आहे. जुन्या टाक्यांच्या ओळी मात्र आतल्या बाजूला शेजारी शेजारी दिसतात. इस्त्रीने त्या गेल्या नाहीत.