राजाराम उस्तादांची गुरुदक्षिणा

गुरूला देव मानणे आपल्या लोकांना फार सोयीचे वाटते. देवाला दरमहा वेतन द्यावे लागत नाही.

काळाचौकीच्या एका क्रीडामंडळाने राजाराम उस्तादांना असेच देवत्व बहाल केले होते. दिवसा ते गिरणीत बदली कामगार, संध्याकाळी मैदानावर हुतूतूचे गुरू. कुणाच्या जागी बदलीचे काम न मिळाले तर चूल थंड राही, मैदान मात्र चुकले नाही. मोबदला म्हणजे गुरुपौर्णिमेची शाल आणि नारळ. तो नारळ त्यांच्या पत्नी बकुळाबाई न फोडता वाण्याला परत विकत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत लाठ्या खाल्लेल्या पोरांना उस्ताद परळच्या एका इस्पितळात नेत असत. त्यांचा सांधे चोळण्यातला हातगुण पाहून तेथील डॉक्टरांनी, आखडलेले सांधे व्यायामाने मोकळे करण्याच्या विभागात, त्यांना मदतनीस म्हणून बोलावले. पगार साठ रुपये. पाळी नेमकी संध्याकाळची.

"नारळान घर चालता काय?" बकुळाबाईंनी इतकेच विचारले.

तरीही उस्ताद मंडळाच्या अध्यक्षांकडे, कापडवाल्या रमाकांतशेठकडे गेले. "मंडळानं चाळीस दिले तरी राहतो."

शेठ हसले. "उस्ताद, गुरुपद कधी पगारी असतं का? आणि तुम्ही तर घरचे. घरच्या माणसाला पगार दिला तर लोक हसतील."

"आता काय रडतायत?" म्हणून उस्ताद उठले, ते थेट इस्पितळात रुजू झाले.

'पाय चेपायला गेला,' असे मंडळाने त्यांच्यामागे म्हटले. मग दादरच्या स्पर्धेत संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला, आणि त्याच मंडळाने बाहेरचा प्रशिक्षक आणला: दरमहा पंचाहत्तर रुपयांवर. तो परका, त्याला द्यावेच लागतात, असा खुलासा झाला. दक्षिणेवाचूनचा यज्ञ मृत होय, असे आपली शास्त्रे सांगतात. घरच्याला उपाशी ठेवून परक्याला पोसणारी ही भक्ती शास्त्रातली नव्हे, दुकानाच्या गल्ल्यावरची. तिच्याविषयी याहून अधिक शाई खर्चणे मला उधळपट्टी वाटते.

पुढल्या गुरुपौर्णिमेला रमाकांतशेठ शाल-नारळ घेऊन स्वतः उस्तादांच्या खोलीवर आले. "रविवारी तेवढं पोरांकडे बघा की. मानानं बोलावतोय."

बकुळाबाईंनी नारळ उचलला, कोयत्याच्या एका घावात फोडला आणि एक शकल शेठपुढे ठेवले.

"खोबरा खावन जावा, शेठ. यंदा हो नारळ विकूचो नाय."