कडूबा पळाला की पाणी येतं

सोमवारी पहाटे कडूबा म्हस्के गल्लीतून पळत निघाला आणि त्याच्या मागे एकेका घरात दिवा लागत गेला.

त्याला ते कळलं नाही. तो आपल्या पावलांकडे बघत होता. रविवारी बेचाळीस किलोमीटर पळायचं होतं आणि उजवा गुडघा रात्रीपासून कुरकुरत होता. गल्लीच्या टोकाशी तो वळला, तेव्हा पाठीमागून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग सगळीकडूनच. मोटरी कोरड्या फिरत होत्या. पाण्याचा दिवस शनिवार होता.

यमुनाबाई बादली घेऊन फाटकात उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच होता.

"कडूबा, किती वेळ सोडणार आहेस आज?"

"आज नाय, बाई. शनिवारी."

"मग पळतोस कशाला?"

कडूबाने पळणं थांबवलं. तो चालत घरी गेला.

कडूबा पाण्याचा लाइनमन. हर्सूलच्या बाजूच्या वस्त्यांना आठवड्यातून एकदा पाणी मिळतं, आणि ते कडूबा सोडतो. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी त्याच्याकडे असते. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, वरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून फिरवायचं. आधी जमिनीत घरघर होते, मग पाणी धावतं. धरण कुठं, टाकी कुठं, कुठली लाइन कुठं फुटली, याच्याशी लोकांना देणंघेणं नाही. लोकांना कडूबा माहीत. पाणी आलं नाही तर शिव्या कडूबाला आणि आलं तर दाब कमी म्हणूनही कडूबालाच. लग्नाच्या पंगतीत बसला तरी शेजारचा माणूस वरणाचा घास हातात धरून विचारतो, "आमच्याकडं कधी?" वीस वर्षं त्याने हे ऐकलं. त्यात तो म्हातारा दिसायला लागला होता. तसं वय सत्तेचाळीसच.

पळण्याची सुरुवातही पाण्यानेच झाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याची मोटरसायकल बसली, आणि दुरुस्त होईपर्यंत तो एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत चावी खांद्यावर टाकून पळत होता. तेव्हापासून वस्तीच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. कडूबा पळाला की पाणी येतं. कडूबाच्या डोक्यात मात्र दुसरीच बसली. गाडीवर असला की कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी हँडल धरायचं. पळणाऱ्या माणसाला कुणी धरत नाही. खिशात फोन उडतो म्हणून तो घरी ठेवायचा, त्यामुळे फोनही नाही. गाडी दुरुस्त झाली, तरी तो पळतच राहिला. आधी तलावाच्या बांधापर्यंत, मग विद्यापीठाच्या रस्त्याने लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. गेल्या वर्षी एकवीस किलोमीटर पळाला. या वर्षी पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं.

कशासाठी, असं बायकोने एकदाच विचारलं होतं. आशाबाई तेव्हा ज्वारी पाखडत होती.

"पाच-साडेपाच तास लागतील," कडूबा म्हणाला. "तेवढ्या वेळात मला कुणी पाणी मागणार नाय."

आशाबाईने सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. नंतर तिने तो विषय काढला नाही.

मंगळवारी नानासाहेब दारात आले. त्यांच्या तीन मजली घराची मोटर सोमवारी पहाटे कोरडी फिरून जळाली होती.

"तू पळालास म्हणून मी बटन दाबलं," ते म्हणाले.

"मी पळत होतो, नानासाहेब. पाणी नव्हतं पळत."

"मग सांगून पळायचं ना! दवंडी द्यायची!"

"काय म्हणून दवंडी देऊ? आज कडूबा नुसताच पळणार हाय म्हणून?"

आशाबाई आतून हसली. नानासाहेबांना ते ऐकू गेलं, आणि प्रकरण तिथे न मिटता कार्यालयात गेलं. साहेबांनी बुधवारी बोलावलं. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांच्यापुढे अर्ज पडला होता आणि अर्जाचं काहीतरी करायचं होतं.

"म्हस्के, तुम्ही वस्तीत पळू नका. अफवा पसरते."

"बरं साहेब."

"चालायला हरकत नाही."

त्यामुळे दुसऱ्या पहाटे तो अंधारातच वस्तीच्या बाहेर पडून तलावावर गेला. तलाव अर्धा आटला होता. बांधावर पळताना त्याला बरं वाटलं. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईने मान वर केली आणि ओरडून विचारलं, "कडूभाई, पानी छोडे क्या?"

विद्यापीठाच्या रस्त्यावर पळणाऱ्यांच्या गटाला पद्मजा मॅडम शिकवायच्या. त्या दातांच्या डॉक्टर. शेवटच्या आठवड्यासाठी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं की आता पळणं कमी करा, झोप पूर्ण घ्या आणि पाणी भरपूर प्या. पाणी म्हटल्यावर सगळ्यांनी कडूबाकडे बघितलं. तोही हसला. झोपेचं मात्र त्याला हसू आलं नाही. कुठल्या वस्तीची पाळी कधी येईल याला काही धरबंध नसतो. या आठवड्यात तो रोज तुकड्यातुकड्याने झोपत होता, बसल्या जागी, चेंबरच्या कठड्याला टेकून, एकदा तर चावीच्या दांड्यावर हनुवटी ठेवून. पाय पळायला तयार होते. बाकीचा कडूबा थकला होता.

गुरुवारी मोठी लाइन फुटली.

खड्डा खणायचा, पाइप जोडायचा, टाकी पुन्हा भरू द्यायची. दोन दिवस तो गुडघाभर चिखलात उभा होता. चिखलातून पाय उपसताना त्याला पद्मजा मॅडम आठवल्या. शुक्रवारी दुपारी साहेबांनी फोनवर नवीन पाळ्या सांगितल्या. सगळं एक दिवस पुढे सरकलं होतं. त्याच्या वस्तीचा शनिवार आता रविवार झाला. सकाळी आठ वाजता.

मॅरेथॉन रविवारी पहाटे पाचला सुटणार होती.

कडूबाने फोन खिशात ठेवला आणि खड्ड्याच्या कडेला बसून घेतलं. रामकिसन शेजारीच बिडी ओढत होता. रामकिसन पलीकडच्या वस्त्यांचा लाइनमन. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते.

"रामकिसन, रविवारी माझं पाणी तू सोडशील?"

"तू कुठं जायलास?"

"पळायला."

रामकिसनने धूर सोडला. "काय मिळतं रे पळून?"

"मेडल."

"पैल्या नंबराला?"

"सगळ्यालाच. पुरं केलं की मिळतं."

"सगळ्यालाच मिळतं तर कुणाकडून तरी मागून घे ना. पळायचं कशाला येड्यावानी?"

कडूबा गुडघ्यावरचा चिखल खरवडत राहिला. रामकिसनने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बिडी चिखलात खुपसली.

"तुझ्या वस्तीतले लोक लई कावतात, बाबा. त्या मास्तरीणबाई तर माझं नावसुद्धा विचारत नाय. म्हणतात, कडूबा कुठाय?"

"एकच दिवस."

"बघू," रामकिसन म्हणाला.

बघू म्हणजे हो की नाही, हे वीस वर्षांच्या ओळखीतही कडूबाला कधी कळलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तो चावी घेऊन रामकिसनच्या घरी गेला. रामकिसन घरी नव्हता. त्याच्या सुनेने चावी भिंतीला टेकवून ठेवली. कडूबा परत निघाला. खांदा हलका झाला होता, आणि तो हलकेपणा त्याला घरापर्यंत खुपत राहिला. रामकिसन आला नाही तर रविवारी वस्तीत पाणी नाही. पुन्हा पाळी आठवड्याने. घरोघरचे ड्रम तळाला गेले होते. त्याचा स्वतःचाही.

आशाबाईने बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं. तो जेवत असताना तिने त्याचा फोन उचलला, बंद केला आणि धान्याच्या डब्यात टाकला.

"आता सोमवारी काढीन," ती म्हणाली.

"रामकिसन नाय आला तर?"

"तर लोक मला शिव्या देतील. मला सवय नाय, तेवढीच होईल."

पहाटे शर्यत सुटली तेव्हा गारवा होता. गर्दीत त्याच्या छातीवर नंबर होता, आणि तो नंबर बघून कुणालाही काही आठवत नव्हतं. पहिले दोन तास त्याला जड गेले नाहीत. क्रांती चौकात कुणी ढोल वाजवत होतं. मुली टाळ्या वाजवत होत्या. टेबलांवर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. पळणारे एक घोट घेऊन अर्धी बाटली रस्त्यावर फेकत होते. कडूबाने पहिली बाटली घेतली आणि त्याला ती फेकता येईना. संपेपर्यंत ती हातात धरून तो पळाला. दुसऱ्या टेबलावरही तसंच झालं. पोटात पाणी डुचमळायला लागलं. तिसऱ्या टेबलापासून त्याने बाटली घेणंच सोडलं.

उन्हं वर आली तसा गुडघा बोलायला लागला. दिल्ली गेट मागे पडलं. पुढे हर्सूलचा रस्ता, जेलची लांबलचक भिंत, आणि मग उजव्या हाताला त्याची वस्ती. शर्यतीचा मार्ग वस्तीच्या अंगावरूनच जात होता. आयोजकांनी नकाशा दाखवला, त्या दिवसापासून तो या तुकड्याला घाबरत होता. आठ वाजून गेले होते. रामकिसन आला असेल की नसेल? नसेल तर लोक रस्त्यावर असतील. हंडे, बादल्या, नानासाहेब. त्यांना तो पळत येताना दिसेल. नंबर कुणी बघणार नाही. पळत असला तरी आज कुणीतरी बाही धरेल. धरली तर तो थांबेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. वीस वर्षांत पाण्यासाठी हाक आली आणि तो थांबला नाही, असं झालं नव्हतं. एकदा थांबला की हा गुडघा पुन्हा उचलणार नव्हता.

भिंत संपली.

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

आतापर्यंत प्रत्येक वस्तीत दहावीस माणसं तरी टाळ्या वाजवायला उभी होती. इथे एक माणूस नाही, एक मूल नाही. फाटकं बंद. कडूबाचा वेग आपोआप मंदावला. मग त्याला आवाज आला. भिंतींच्या मागून, जिन्यांच्या खालून, गच्च्यांवरून. मोटरी चालत होत्या. सगळ्या घरांच्या, एकाच वेळी. हा आवाज कोरडा नव्हता. त्यात पाण्याचा भरीव घोष होता. कुठेतरी ड्रम भरून वाहत होता आणि कुणीतरी कुणाला नळी हलवायला सांगत होतं. पिंपळाखालच्या चेंबरचं झाकण बाजूला सरकलेलं होतं आणि कडूबाच्या चावीचा दांडा उन्हात उभा होता. रामकिसन झाकणावर बसून बिडी ओढत होता. त्याने कडूबाकडे बघितलं आणि बिडी धरलेला हात थोडा वर केला. बस एवढंच.

त्याच्यावाचून पाणी आलं होतं. कडूबाला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं मनाला लागलंही.

यमुनाबाईंचं फाटक उघडं होतं. त्या ओल्या पदराने बाहेर आल्या.

"कडूबा! अरे कडूबा, थांब! दाब कमी आहे!"

पाय थांबायला निघाले होते. सवयच तशी होती. एक पाऊल आखडलं, गुडघ्यात कळ आली, तोंडात "आलो, बाई" तयार होतं.

"रामकिसनला सांगा!" तो ओरडला. "तिथं बसलाय तो!"

"रामकिसन कोण?"

कडूबाला हसू आलं आणि धापही लागली. त्याने मागे न बघता हात वर केला आणि वळणावरून पुढे गेला. पुढे अजून बरंच अंतर होतं.

त्याने शर्यत पुरी केली, मुदत संपायच्या थोडी आधी. शेवटचा बराच रस्ता तो चाललाच. साहेब म्हणाले होते, चालायला हरकत नाही. मेडल गळ्यात पडलं तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती.

घरी आल्यावर आशाबाईने मेडल उलटसुलट करून बघितलं आणि देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवलं. शिव्या कुणी दिल्या नव्हत्या. नानासाहेबांनी नवीन मोटर लई पाणी ओढते म्हणून सांगून पाठवलं होतं. न्हाणीत दगडाशेजारी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्या घरात आंघोळीला एक बादली हा वीस वर्षांचा कायदा होता.

"दोन?" कडूबा म्हणाला.

"आज घ्या," आशाबाई म्हणाली.

बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला नाही, तेव्हा तिने दार लोटून बघितलं. कडूबा दगडावर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपला होता. पाय पहिल्या बादलीत होते. दुसरी भरलेली तशीच होती. आशाबाईने त्या बादलीवर ताट झाकलं आणि दार ओढून घेतलं.