हनुवटीवरचे तीन ठिपके

मंजुषा चौथीत माझी विद्यार्थिनी होती. तिची पाटी सगळ्यांत स्वच्छ. एक अक्षर चुकलं तरी ती अख्खी ओळ पुसायची आणि नव्याने लिहायची. मी इतर मुलांना ती पाटी मुद्दाम दाखवत असे.

लग्नानंतर ती जव्हारला आली आणि तिने एस.टी. स्टँडजवळ झेरॉक्स आणि फोटोंचं दुकान घातलं. निवृत्तीनंतर मी रोज तिथे पेपर वाचायला बसू लागलो. २००७च्या सुमारास मोखाड्याचा रोहिदास नाशिकच्या एका कारखान्यात संगणकावर चालणारं, लाकूड कोरणारं यंत्र चालवू लागला. लाकडावर चेहरा कोरून घ्यायला लोक अंगठ्याएवढे, पुसट फोटो घेऊन यायचे आणि यंत्रावर त्यांची पार दैना व्हायची. ते नीट करून द्यायचं काम त्याने मंजुषाला दिलं.

“गुरुजी, यंत्राला चेहरा कळत नाही,” तिने मला समजावलं. “काळं दिसलं की खोल जायचं, पांढरं दिसलं की उंच ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक.”

“म्हणजे केस काळे असले तर डोक्यात खड्डा?”

“हो! आणि गालावर फ्लॅश चमकला असेल तर तिथे टेंगूळ.”

म्हणून ती फोटो मोठा करायची. मोठा केला की नाकाची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसे. त्या पायऱ्यांवरून ती माउसने एक सलग रेघ ओढायची. मग आतल्या छटा हाताने भरायची. नाकाचा शेंडा सर्वांत उजळ, डोळ्यांचे कोपरे सर्वांत गडद. वीज जायच्या आत काम उरकावं म्हणून सकाळी सातलाच दुकान उघडायची.

एके दिवशी जामसरची मालू आली. ती अंगणवाडी सेविका. तिची आई पुतळी आदल्या वर्षी वारली होती. मालूने पिशवीतून आईचं मतदार ओळखपत्र काढलं.

“एवढाच फोटो हाय, मंजू. आयस कधी फोटोला बसलीच नाय.”

बरोबर सागाची एक फळी होती. घरकुल मंजूर झालं तेव्हा जुनं घर पाडलं, त्याच्या दाराची. पुतळी संध्याकाळी त्याच दाराला टेकून बसायची. आईच्या वरसाला, म्हणजे वर्षश्राद्धाला, तिचा चेहरा या फळीवर हवा, असं मालूच्या मनात होतं.

“दुसरी फळी नाय हं,” ती म्हणाली. “बिघडली तर बिघडली.”

मंजुषाने चार दिवस घेतले. कार्डावरच्या चेहऱ्यावर मोहरी सांडावी तसे काळे कण होते. यंत्राने प्रत्येक कणाचा खड्डा केला असता. तिने एकेक कण पुसला. चेहरा लख्ख झाला. मीही म्हणालो, “वा!” फळी नाशिकला पाठवण्याआधी तिने कागदावर छापून मालूला बोलावलं.

मालूने कागद उजेडाकडे धरला. “बाई चांगली हाय. पण ही माझी आयस नाय.”

“नाक चुकलं का, मालूताई?”

“नाक तिचंच.” मालूने स्वतःच्या ओठाखाली बोट ठेवलं. “हिचं गोंदण कुठं गेलं?”

मंजुषाचा चेहरा उतरला. तिने मूळ फोटो पुन्हा उघडला. हनुवटीवर कण होते, कपाळावरही होते. पण त्यांतलं गोंदण कुठलं आणि कचरा कुठला, ते आता कोण सांगणार?

“माझ्या आजीलाही गोंदण होतं, गुरुजी,” ती हळूच म्हणाली, “तरी मला कळलं नाही.”

हनुवटीवर तीन ठिपके, हे मालूला पक्कं आठवत होतं. कपाळावर चार की पाच? “रोजचं तोंड,” ती म्हणाली, “कोण मोजतं?” मग तिला मावशी आठवली. वांगणीची मंगळी, पुतळीची धाकटी बहीण. दोघींनी एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं.

रविवारी आम्ही तिघं जीपने वांगणीकडे निघालो आणि रस्ता संपल्यावर पुढचं अंतर चाललो. मंजुषाने म्हातारीच्या चेहऱ्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठिपके उतरवले. कपाळावर पाच निघाले.

“हलू नका, मावशी.”

“तेव्हापन हेच सांगत व्हते! पुतळी गप बसली, मी पळाले. बानं धरून आणली. म्हणून माझा ह्यो हनुवटीचा शेवटचा वाकडा. तिचा सरळ काढ बाय, नायतर माझंच थोबाड भिंतीला लागंल.”

मालू पोट धरून हसली. आईच्या मरणानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वरसाच्या दोन दिवस आधी फळी नाशिकहून एस.टी.च्या टपावरून आली. काळं तिथे खोल, या नियमाने आठही ठिपके लाकडात बारीक, रेखीव उतरले होते. मंजुषा दाराशीच उभी राहिली, पुढे यायला धजेना. मालूने हनुवटीच्या पहिल्या ठिपक्यावर बोट टेकवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

“आयस,” ती म्हणाली.

वरसाला आलेली मंगळी फळीसमोर बसली. मग मंजुषाला म्हणाली, “माझंपन काढ. पन मी हाय तवर. आन् तेवढा वाकडा ठिपका सरळ कर.”

“नाही हं मावशी,” मंजुषा म्हणाली. “तो वाकडाच राहणार.”